उन्हात ठेवलेले सेल

आमच्या कॅसेटला पहिल्यांदा शिव्या पडल्या तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि आता तिचं कौतुक सुरू झालंय तर माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. मधल्या काळात लिहिणारे बदलले, शब्द बदलले, पण बोट सगळ्यांनी एकाच गोष्टीवर ठेवलं: हलगीवर. आधीचे म्हणाले हलगीवाल्याला लय कळत नाही. आताचे म्हणतात हलगीवाल्याने लयीचा असा खेळ केलाय की बोलायची सोय नाही. दोघेही साफ चुकले. मला ते ठासून सांगता येतं, कारण चूक मी केली होती आणि ती निस्तरावी लागली दुसऱ्याच माणसाला.

लातूर जिल्हा झाला त्यानंतरचा तो उन्हाळा. जिथे तिथे नव्या पाट्या रंगवणं चाललं होतं. उस्मानाबादला खेटे घालणारी माणसं आता घरच्या घरी लातुरातच खेटे घालू लागली, एवढाच काय तो फरक. पाणी मात्र नव्हतं. नळ सोडला की आधी फुस्स व्हायचं, मग खरखर, मग काहीच नाही. आमच्या आप्पांची डाळ मिल होती. दोन वर्षं तूर पिकली नव्हती, त्यामुळे मिल बंद. आप्पा सकाळी पूजा उरकून, कपाळाला भस्म लावून नेमाने मिलमध्ये जायचे, थंड पडलेल्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि जेवायला घरी यायचे.

माझा मामेभाऊ उमरीचा. नांदेडला इंजिनिअरिंगला होता. आमच्यात मामाचा मुलगा म्हणजे घरचंच स्थळ, त्यामुळे तो रविवारी एसटीने आला की मावश्या एकमेकींकडे बघून हसायच्या. त्यांना काय ठाऊक, तो माझ्यासाठी नाही, रिकाम्या गोदामासाठी यायचा. हॉस्टेलातल्या कुणाकडून त्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. तिच्या दोन बारीक तारा तुटलेल्या. तसल्या तारा नांदेडात मिळेनात, म्हणून तो उरलेल्या चार जाड तारांवरच वाजवायचा. एकदा त्याने बिननावाची एक विलायती कॅसेट आणली. त्यातला गाणारा गात नव्हता, भांडत होता. गिटार पत्रा खरवडल्यासारखी, मागे ढोल एकसारखा, हट्टाने चाललेला. मी दोनदा ऐकली आणि म्हटलं, हे तर मला जमेल. टँकरच्या रांगेत माझ्याएवढं कोणी भांडत नव्हतं.

ढोल वाजवणारा आम्हाला शोधावा लागला नाही. आप्पांच्या मिलमध्ये एक हमाल होते. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढायचे, आणि लग्न-जत्रांच्या दिवसांत औशाकडच्या आपल्या गावात हलगी वाजवायचे. त्यांच्या घरात तीन पिढ्यांची हलगी. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. तरी तेव्हा मी त्यांना नावाने हाक मारायचे आणि अरे-तुरे करायचे, ते मला ताई आणि तुम्ही म्हणायचे. मिलमालकाची मुलगी आणि हमाल, दुसरं काय. आता मी त्यांना दादा म्हणते, म्हणून इथेही दादाच लिहिते. उशिरा आलेली अक्कल आहे, पण आली.

मिल बंद म्हणून दादाही बसूनच होते. गोदामाच्या सावलीत तेलाच्या रिकाम्या डब्यावर बोटं चालवत होते, ते मामेभावाने ऐकलं आणि आमचे तिघांचे रविवार सुरू झाले. गिटारीला लाऊडस्पीकरवाल्याचा जुना ॲम्प्लिफायर, तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. गाणी मी लिहायचे. एका गाण्यात फक्त एवढंच होतं: जिल्हा झाला, पाटी आली, कचेरी आली, नळाला हवा आली. हे मी दहा वेळा म्हणायचे, दर वेळी आणखी चिडून. दादांची हलगी मात्र चिडायची नाही. मी कितीही आरडाओरडा करो, ती आपल्या चालीने चालायची, आणि तिच्या जोरावरच मला ओरडता यायचं.

आप्पा एकदाच येऊन दारात उभे राहिले. एक अख्खं गाणं ऐकलं आणि विचारलं, भजन आहे का हे. मी म्हटलं, नाही, भांडण आहे. ते थोडा वेळ यंत्राकडे बघत राहिले, मग म्हणाले, "दार लावून घ्या." आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

कॅसेट भरायचा दिवस ठरला. मामेभाऊ हॉस्टेलातून मोठा टेप उसना आणणार होता. त्याला सहा मोठे सेल लागायचे आणि दिवसभर करंट नसायचा, म्हणून त्याने मला पत्राने बजावलं होतं की नवे कोरे सहा सेल आणून ठेव. मी आणले. पण टँकर यायचा पहाटे, अंधारात. आई दोन घागरी घेऊन रांगेत उभी राहायची आणि तिच्या टॉर्चमध्ये उजेड म्हणून उरला नव्हता. भरायच्या दोन दिवस आधी मी सहातले तीन सेल तिच्या टॉर्चमध्ये घातले. आईने विचारलंही, तुझं काम अडायचं नाही ना. मी म्हटलं, नाही अडत.

तीन सेल कमी पडले तर काय करायचं हे तेव्हा घराघरात ठाऊक होतं. उतरलेले सेल उन्हात ठेवायचे. दोन दिवस ऊन खाल्लं की त्यांच्यात थोडी धुगधुगी यायची, बातम्यांपुरता रेडिओ चालायचा. मी घरातले तीन जुने सेल मिलच्या पत्र्यावर ठेवले. भरायच्या दिवशी दादांनी शेजारीच आपली हलगी ठेवली, कारण कातडं तापल्याशिवाय ती बोलत नाही. एकाच पत्र्यावर, एकाच उन्हात. हलगी तापून ताठ झाली. सेलांचं काय झालं ते मला कळायला जवळपास चाळीस वर्षं गेली.

तीन नवे, तीन उन्हातले, असे सहा सेल मी टेपमध्ये घातले आणि मामेभावाला काही बोलले नाही. एका बाजूला चार गाणी सलग भरली, मग चहा झाला, मग कॅसेट उलटून दुसऱ्या बाजूला चार. तिथेच थोडं लावून ऐकलं. छान वाटलं. नांदेडात कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं, त्याच्याकडून पन्नास प्रती काढल्या. कव्हरवर मामेभावाने नळाचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, ‘नळाला हवा’. आमची पहिली आणि शेवटची कॅसेट. आम्ही आमचं काही नाव ठेवलं नव्हतं. नाव कशाला हवं, तिघेच तर होतो.

प्रती आल्या त्या दिवशी नेमका करंट होता. आमच्या ओसरीवर शेजारचा करंटवरचा टेप आणून लावला. दादा उंबऱ्याबाहेर बसले. आत या असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही, मीही नाही. मला आपला आवाज भलताच चिरका वाटला, पण टेपवर स्वतःचा आवाज परकाच वाटतो असं सगळे म्हणायचे, म्हणून मी ते सोडून दिलं. दादांनी दोन्ही बाजू मान खाली घालून ऐकल्या. कॅसेट संपल्यावर म्हणाले, "ताई, ही माझी चाल न्हाई. शेवटाला मी असा पळत न्हाई."

मी हसले. म्हटलं, अरे, पहिल्यांदा ऐकलं की असंच वाटतं, मला तर माझा आवाज शेळीच्या पिलासारखा वाटतोय. दादा हसले नाहीत. म्हणाले, "आवाजाचं मला ठावं न्हाई. ठेका ठावं हाय."

हा विषय मी तिथेच संपवला. चहा ठेवायला आत गेले.

जिल्हा झाला की कचेऱ्यांमागोमाग साप्ताहिकंही उगवतात. तसल्याच एका साप्ताहिकाला मामेभाऊ हौसेने कॅसेट देऊन आला. तिथे लिहिणारे गृहस्थ गावात गाण्याचा क्लास घ्यायचे. पंधरा दिवसांनी छापून आलं. माझ्याबद्दल लिहिलं होतं की ही मुलगी नळावर भांडल्यासारखी गाते. ते मी शाबासकी म्हणून घेतलं, कारण खरंच होतं. गिटारीला त्यांनी पत्रा म्हटलं, तेही खोटं नव्हतं. पण खरा राग हलगीवर काढला होता. हलगीवाला प्रत्येक बाजूला सुरुवातीला जरा बरा असतो आणि पुढे उधळत जातो, वरातीत वाजवणाऱ्यांकडून लयीची अपेक्षा करणंच चूक आहे, अशा अर्थाचं. वरातीत वाजवणारे म्हणजे कोण हे लातुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यांना ते तसंच म्हणायचं होतं.

मला असा संताप आला की मी त्या साप्ताहिकाला चार पानी पत्र लिहिलं. बायकांनी ओरडू नये असं कुठे लिहिलंय, तहानलेल्या गावात गोड गळ्याने काय गायचं, असं बरंच. त्या धिटाईचा मला पुढे कैक वर्षं अभिमान होता. पत्र त्यांनी छापलं नाही ते सोडा. त्या चार पानांत हलगीबद्दल मी एक ओळ लिहिली नव्हती. लिहिणार काय? मनातून मला वाटत होतं की दादा खरंच पळाले.

पुढच्या हंगामात त्यांच्या गावच्या जत्रेत पहिल्या हलगीचा दादांचा मान दुसऱ्याकडे गेला. ज्यांनी दादांना शिकवलं त्या चुलत्यांनीच ठरवलं. पेपरात आलंय म्हणाले, लोक हसतील. दादांनी हलगी खुंटीला अडकवली. पाऊस झाला, तूर आली, मिल सुरू झाली, दादा पोती वाहू लागले. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. मला वाटलं विसरले असतील. आपण विसरलो की समोरचाही विसरला असं वाटतं, त्यातलाच प्रकार.

मी लग्न होऊन नांदेडला आले, शाळेत शिकवू लागले. कॅसेट आपल्या पायांनी फिरत होती. विष्णुपुरीला, मामेभावाच्या कॉलेजच्या हॉस्टेलात पोरं प्रतीवरून प्रत काढायची, म्हणे परीक्षेच्या आधी ऐकली की अंगात येतं. पुण्याच्या एका मासिकात दोन ओळी आल्या, की मराठवाड्याच्या मातीतूनही असा रांगडा आक्रोश उमटतो, हे लक्षणीय आहे. त्या ‘ही’वर मी पुरतं वर्ष चिडलेली होते. मातीतून ज्वारी येते. आम्ही तिघे मेहनत करून, तालीम करून वाजवत होतो.

दोनेक वर्षांपूर्वी एका तरुण समीक्षकाने त्यातली एक झिजकी प्रत मिळवून इंटरनेटवर टाकली आणि सोबत लांबलचक लेख लिहिला. त्यातून मला कळलं की आम्ही जे केलं त्याला पोस्ट-पंक म्हणतात. म्हणोत बापडे. लेखाचा अर्धा भाग हलगीवर होता. प्रत्येक बाजूला लय शांत सुरू होते आणि कळेल न कळेल अशी वाढत जाऊन शेवटी ऊर फुटेस्तोवर पळते, ही तहानेची लय आहे, अज्ञात हलगीवादकाची प्रतिभा आहे, वगैरे. लेख गाजला. ते तिघे आम्हीच, हे मी त्याला कळवलं. पाठोपाठ पुण्याच्या एका कंपनीने काळी तबकडी काढायची म्हणून कागद पाठवले, त्यावर आम्हा तिघांच्या सह्या हव्या होत्या.

समीक्षकाचा फोन आला. बोलायला गोड मुलगा. त्याने विचारलं, लय अशी वाढवत न्यायची हे तुमचं कसं ठरलं? मी म्हटलं, ठरलं नव्हतं. तो म्हणाला, मग नकळत झालं असेल. इथे माझं डोकं फिरलं. तीन पिढ्यांची हलगी आणि म्हणे नकळत. पण फोन ठेवल्यावर दादांचं ते वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आल्यासारखं झालं. ठेका ठावं हाय.

मी मामेभावाला फोन लावला. उमरीचा पोरगा, पाटबंधारे खात्यात जन्म काढून आता निवृत्त झालाय. मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "त्या दिवशी सेल कुठले घातले होतेस तू?"

मी सांगितलं. आईचा टॉर्च, पत्र्यावरचं ऊन, सगळं.

सेल उतरले की गाणं रेंगाळतं, हे कॅसेटच्या काळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण भरतानाच सेल उतरत गेले तर टेप हळू फिरतो, आणि तीच कॅसेट पुढे करंटवर लावली की गाणं पळतं, हे उलटं गणित कुणाच्या डोक्यात आलं नाही. इंजिनिअरिंगवाल्याच्याही नाही. तिथल्या तिथे ऐकलं तेव्हा ठीक वाटलं, कारण त्याच दमलेल्या सेलांवर ऐकलं होतं. चहा होईपर्यंत सेलांना विसावा मिळाला, म्हणून दुसरी बाजू पुन्हा शांत सुरू झाली. चार पानी पत्र लिहिणारी मी, क्लासवाले गृहस्थ, पुण्याचं मासिक, प्रतिभा ओळखणारा समीक्षक, सगळ्यांना सगळं कळत होतं, फक्त सेल कुणी विचारले नव्हते. ज्याला शाळेत चौथीच्या पुढे जाता आलं नाही त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि त्याला मी हसले होते.

तहानेची लय म्हणणाऱ्या त्या मुलाचं एका अर्थी खरंच आहे, हेही कबूल करते. पाण्याच्या रांगेसाठी सेल गेले नसते तर लय पळाली नसती. पण ती तहान आमच्या घरची होती आणि बोल दादांना लागला. त्याला प्रतिभा म्हणून मोकळं होणं मला जमणार नाही.

मामेभावाने महिनाभर संगणकावर बसून कॅसेट सरळ केली. सुरुवातीला जरा कमी, शेवटाकडे जास्त, मिनिटामिनिटाने वेग उतरवत. जाड तार मोकळी वाजते तो स्वर त्याने खूण म्हणून धरला होता. हलगीकडे त्याने बघितलंही नव्हतं. तार जागेवर आली तसा माझा आवाज माझा झाला, आणि हलगी पहिल्या गाण्यापासून चौथ्या गाण्यापर्यंत एका चालीने, एका अंतराने पडत गेली. मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून ऐकलं आणि रडले.

कंपनीला मी कळवलं की तबकडी निघाली तर सरळ केलेलीच निघेल आणि वर कारण छापावं लागेल. त्यांनी नम्रपणे सांगितलं की लोकांना पळणारी आवडते, सरळ केलेली साधी वाटते, हवं तर आतल्या पानावर बारीक अक्षरात टीप टाकू. मी म्हटलं, साधी वाटू द्या. बारीक अक्षरात चालणार नाही, दादांची अपकीर्ती मोठ्या अक्षरात झाली होती. ते विचार करतो म्हणाले. करत बसोत. माझी सही माझ्याकडे आहे.

मग मी दादांच्या गावी गेले. अंगणात बाजेवर बसले होते. पोती वाहून पाठ वाकली आहे, नजर तशीच. त्यांचा मुलगा, सून घरात होती. मी दादा म्हटलं तर आधी त्यांना कुणाला म्हणतेय ते कळलं नाही. मी बाजेवर शेजारी बसले, काही न सांगता फोन लावला आणि मधे ठेवला.

पहिलं गाणं होईपर्यंत ते हलले नाहीत. दुसऱ्यात त्यांचं बोट बाजेच्या लाकडावर पडू लागलं. तिसऱ्यात, चौथ्यात ते बोट आणि फोनातली हलगी एकत्रच पडत होती, एका ठोक्याचाही फरक नाही. बाजू संपली.

"तवाच सांगितलं हुतं की मी, ताई," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हाव दादा. सेल उतरलेले होते. मी घातले होते. चूक माझी."

त्यांनी मुलाला हाक मारून बाहेर बोलावलं, समोर बसवलं आणि मला म्हणाले, पुन्हा लावा. मुलाने पूर्ण बाजू ऐकली. बापाने हलगी का सोडली हे त्याला गावानेच सांगितलेलं असणार. तो बापाकडे बघत होता आणि बाप फोनकडे.

उठताना दादांनी विचारलं, "आन् त्या पेपरवाल्याला कोण सांगंल?"

मी म्हटलं, मी सांगते.

ते गृहस्थ आता हयात नाहीत. साप्ताहिक कधीच बंद पडलं. म्हणून ज्याच्या हातात हा कागद पडेल त्याला सांगते: आमच्या कॅसेटवरची हलगी लयीत होती. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत.